कंपाउंडरचं माप

त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं एकाच दवाखान्यात औषधं बनवली की माणसाचं नाव हळूहळू झिजतं आणि काम तेवढं मागे राहतं. दूधवाला, पोस्टमन, खालचा चष्मेवाला, सगळ्यांचे ते कंपाउंडर. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचे कंपाउंडर’ म्हणायची, आणि त्यात थोडी चेष्टा असली तरी बराचसा अभिमान असायचा.

गोळ्यांची चकचकीत पाकिटं आली नव्हती, त्या काळातले ते. तेव्हा दवाखान्यात पातळ औषध मिळायचं, घरून नेलेल्या बाटलीत. त्या बाटलीवर कंपाउंडर कागदाची एक पट्टी डकवायचे. पट्टी तीनदा दुमडून कडेला कात्रीने छोटा काप दिला, की उघडल्यावर सारख्या अंतरावर खाचा पडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. लिहितावाचता न येणारी माणसंही त्या खाचांवर बोट ठेवून बरोबर औषध घ्यायची. कंपाउंडरच्या खाचांत काडीचाही फरक पडत नसे. लोक म्हणत, डॉक्टर तपासतात ते ठीक आहे, पण गुण कंपाउंडरच्या हाताला आहे. ते म्हणायचे, “मी नुसतं माप घेतो हो.” म्हणताना कान मात्र लाल व्हायचे.

मापाचा हा नाद घरीही सुटला नव्हता. चहात साखर घालताना ते चमच्यावर बोट फिरवून वरची साखर सपाट करायचे. खोबरेल तेलाची बाटली उघडण्याआधीही हलवून घ्यायचे. चष्मेवाला म्हणायचा, “कंपाउंडर एक दिवस बायकोलाही हलवून घेतील आणि मग बोलतील.” यावर सगळ्यात जास्त त्यांची लेक हसायची.

एकुलती एक. एका हॉटेलात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करायच्या टेबलावर ती बसायची. तिथे शोभेला ऑर्किडच्या कुंड्या ठेवत आणि फुलं गळाली की कुंडीसकट मागच्या दारी टाकून देत. एके दिवशी त्यातलंच एक झाड ती पिशवीत घालून घरी घेऊन आली. चार जाड पानं, एक वाळकी दांडी, आणि कुंडीत माती नाहीच, नुसते झाडाच्या सालीचे आणि कोळशाचे तुकडे.

“हे मेलंय गं,” कंपाउंडर म्हणाले.

“फुलं गळाली म्हणजे मेलं का बाबा? दमलंय. तुमचं ते डोसचं गणित जरा याला लावा.”

बापलेक मिळून खत आणायला गेले तो दिवस कंपाउंडरना पुढे आयुष्यभर आठवणार होता. नर्सरीत खताची पाकिटं रांगेने मांडलेली होती. नर्सरीवाल्या बाईंनी फुलांचा फोटो असलेलं एक भडक पाकीट पुढे केलं, याने भराभर फुलतं म्हणाल्या. कंपाउंडरनी ते नाकाजवळ धरून मागचे नत्र-स्फुरद-पालाशचे बारीक आकडे वाचले. मग दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. युरिया कशात नाही, ते विचारलं. माती नसली तर युरिया पचायचा कसा, हेही विचारलं. बाईंनी लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, “चालू द्या त्यांचं, लग्नासाठी स्थळ बघतायत.” शेवटी तिन्ही आकडे सारखे असलेलं एक साधं पाकीट त्यांनी पसंत केलं. वीस, वीस, वीस. लाड नाही आणि उपासही नाही.

डोस ठरला तो असा. या झाडाची मुळं उघडी, वाऱ्यावर जगणारी. त्यांना मातीतल्या झाडाइतकं खत सोसायचं नाही. म्हणून एक लिटर पाण्याला पाव चमचा, तोही सपाट. आधी साधं पाणी घालून मुळं ओली करायची, मग खताचं पाणी. तीन आठवडे असं, आणि चौथ्या आठवड्यात नुसतं पाणी भरपूर ओतून साठलेला क्षार धुऊन काढायचा. कंपाउंडरनी पावडर विरघळवून दाट पाणी केलं, एका तपकिरी बाटलीत भरलं आणि सवयीने तिच्यावर आठ खाचांची पट्टी डकवली. एक खाच, एक लिटर. लेकीच्या हाताखाली ते झाड दोनदा फुललं. पांढरी फुलं, मध्ये जरा पिवळी. दोन दोन महिने टिकली.

मग तिचं पोट दुखायला लागलं.

हे सांगायला फार वेळ लागत नाही, आणि कंपाउंडरनी ते कुणाला कधी सांगितलंही नाही. नोकरीत जेवायच्या वेळा सांभाळल्या जात नाहीत, पित्त झालं असेल, असं ते म्हणाले. पोटदुखीचं त्यांचं गुलाबी औषध प्रसिद्ध होतं. बाटली भरली, पट्टी लावली. ती म्हणाली, बरं वाटतंय. परत दुखलं. दुसरी बाटली. परत बरं वाटलं. तिसरी बाटली. आठ त्रिक चोवीस डोस, प्रत्येक डोस अगदी बरोबर मापाचा. तिसऱ्या बाटलीनंतर दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी सहज म्हणून तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. आत गाठ होती, आणि ती पसरली होती. चार महिन्यांत पोरगी गेली. लोक पाठीमागे हळहळले, की बघा, दिव्याखाली अंधार.

बायकोने मात्र तोंडातून ब्र काढला नाही. रडली, सावरली, परत शिलाई मशीनवर बसली. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून ती दुकानाला द्यायची, ते चालू राहिलं. दोषाचा एक शब्द नाही. कंपाउंडर वाट बघत राहिले. कधीतरी भांडेल, कधीतरी काहीतरी फेकेल, असं त्यांना वाटायचं. त्या थंडीत तिला सर्दीखोकला झाला. त्यांनी औषध तयार केलं, खाच मोजली, पेल्यात ओतून तिच्या मशीनपाशी ठेवलं. तीन दिवस तो पेला तिथेच होता. चौथ्या दिवशी तो धुऊन पालथा घातलेला दिसला, आणि मशीनच्या खणात दुकानातून आणलेल्या चघळायच्या गोळ्या. कंपाउंडर समजले. पुन्हा त्यांनी तिला कधी औषध दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

झाड खिडकीत होतं. त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. बोललं असतं तर लेकीचं नाव निघालं असतं, आणि ते त्या घरात निघत नव्हतं. ओट्यावरचं पाणी पुसता पुसता त्याच्याकडे बघायचं आणि नजर काढून घ्यायची, दोघांचंही तसंच. गुरुवारी बायको शिवलेला माल दुकानात पोचवायला जाई, तेव्हा कंपाउंडर कपाटामागची तपकिरी बाटली काढत, लिटरभर पाण्याच्या जगमध्ये एक खाच ओतत, झाडाला घालत आणि जग धुऊन जागेवर ठेवत. चोरी नव्हती, तरी चोरीसारखंच वाटायचं. दोन वर्षांत फूल आलं नाही, पण पानं हिरवी होती. जगतंय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्या वर्षी पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली.

आधी त्यांनी ऊन म्हणून कुंडी आत सरकवली. मग सालीच्या तुकड्यांवर आणि कुंडीच्या काठावर एक पांढरा खरबरीत थर दिसला. बोटाने खरवडला तर मिठासारखा भुगा निघाला. बाहेर लोंबणाऱ्या मुळांची टोकं हिरवी असायची, ती काळी पडली होती. हा क्षार जास्त झाला, हे त्यांना कळत होतं. पण तो आला कुठून, हे कळेना. त्यांनी जुनी पट्टी काढली, नवीन कापून डकवली. डोस निम्मा केला. महिन्याभरात आणखी एक पान मऊ पडून गळालं.

मग त्यांना आपल्या हाताचाच संशय आला. वय झालं होतं, मोतीबिंदू एकदा काढून झाला होता. एका सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले, दवाखान्यातला काचेचा जुना मापाचा पेला घेतला आणि साधं पाणी दहा वेळा मोजून ओतलं. दहाही वेळा पाणी त्याच रेघेला टेकलं. हात स्थिर होता, डोळा ठीक होता. माप चुकत नव्हतं आणि तरी झाड मरत होतं. हे त्यांच्या घरात पूर्वी एकदा झालेलं होतं. कंपाउंडर तिथेच डोक्याला हात लावून बसून राहिले. हे झाड गेलं तर ते दुसऱ्यांदा झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि मनाने एकदा घेतलं की त्याला औषध नसतं.

दुसऱ्या दिवशी कुंडी पिशवीत घालून ते नर्सरीत गेले. त्याच बाई होत्या. त्यांनी झाड अलगद बाहेर काढलं, मुळं चिमटीत धरून दाबली. त्यांची साल चिमटीतच निघून आली.

“काका, हे खताने जळलंय.”

“पाव चमचा देतो. लिटरला. आता तर त्याच्याही निम्मा.”

“शक्यच नाही.”

“चाळीस वर्षं माप घेतोय मी.”

“मग घरात आणखी कोणीतरी घालतंय,” बाई हसून म्हणाल्या. “माझ्याकडे महिन्याला एक तरी असं झाड येतं. सासू घालते, सूनही घालते. दोघींना वाटतं, दुसरीचं लक्ष नाही. अति तिथे माती.”

“आमच्या घरी कोण घालणार? आम्ही दोघंच आहोत,” कंपाउंडर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी ते नीट ऐकलं.

बाईंनी उपाय सांगितला. भरपूर पाण्याने धुवा, काळी मुळं कापून टाका, नव्या सालीत लावा आणि नवीन हिरवं टोक दिसेपर्यंत खताचा एक कणही नाही. नुसतं पाणी. जगेल असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर कंपाउंडरनी कपाटातून खताचं पाकीट काढलं. मागच्या वर्षीच नवीन आणलं होतं. त्यांच्या हिशोबाने निम्म्याहून जास्त असायला हवं होतं. तळाला दोन चमचे पावडर होती. पाकीट आणि कुंडी घेऊन ते मशीनपाशी गेले.

“तू खत घालतेस याला?”

मशीन थांबलं. बायकोने सुई वर करून कापड बाजूला केलं.

“वर्षभर झालं. सोमवारी, तुम्ही दवाखान्यात केसपेपर लिहायला जाता तेव्हा.”

“किती?”

“चमचाभर. पाकिटावर लिहिलंय तसं.”

“ते मातीतल्या झाडांचं लिहिलंय गं. याला पाव चमचा. मी दर गुरुवारी देतोच. तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. बाटलीवरच्या पट्टीवरून कळायचं.”

“मग?”

ती दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कंपाउंडरना वाटलं, आता ती नेहमीसारखी उठेल आणि चहा टाकेल. ती उठली नाही.

“तुमचं माप नेहमी कमीच असतं,” ती म्हणाली. “थोडं देऊन बघू. आठ दिवस बघू. परत थोडं देऊ. मध्ये तुम्ही आणखी निम्मं केलंत, तेही दिसलं मला. मग मी चमचा शिगोशीग भरून घातला. मला नाही थांबता येत आता. आणि तुमच्या मापावर माझा भरवसा राहिला नाही.”

आवाज चढला नव्हता. पडद्याची लांबी सांगावी तसं तिने सांगितलं. दोन वर्षं कंपाउंडर ज्या वाक्याची वाट बघत होते, ते आलं होतं. ते आलं की हलकं वाटेल, असं त्यांनी धरलं होतं. नाही वाटलं. दुखलं, आणि फार दुखलं. ते स्टुलावर बसले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“काय बरोबर आहे? बघा ना काय केलंय मी त्याचं,” ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

न्हाणीघरात दोघांनी मिळून ते झाड धुतलं. तिने तांब्याने पाणी ओतायचं, त्यांनी झाड तळहातावर धरायचं. तीन बादल्या झाल्या. तिची दोरे कापायची छोटी कात्री त्यांनी स्पिरिटने पुसली आणि काळी मुळं एकेक कापली. चौदा मुळं होती. तीन राहिली.

पाणी ओतता ओतता ती म्हणाली, “तिला फार दुखायचं का हो तेव्हा? तुमच्याशी बोलायची ती.”

“सांगायची नाही. औषध घेतलं की म्हणायची, बरं वाटतंय बाबा.”

“मलाही तेच म्हणायची.” तिने तांब्या पुन्हा भरला. “मला वाटतं, बरं वाटत नसायचं तिला. तुमचं मन राखायची. सगळे म्हणायचे ना, तुमच्या हाताला गुण आहे.”

कंपाउंडरच्या हातात झाड होतं, म्हणून त्यांना डोळे पुसता आले नाहीत. तिने तांब्या ठेवला आणि ओल्या पदरानेच त्यांचं तोंड पुसलं. मग दोघंही तिथे, ओल्या फरशीवर, लेकीला तिच्या नावाने हाक मारून रडली. दोन वर्षांचं साठलेलं होतं, एका बादलीत निघणार नव्हतं.

पुढचे सात आठवडे गुरुवारी ती माल उशिरा पोचवायची. आधी दोघं मिळून झाडाला पाणी घालत, नुसतं पाणी. ज्या माणसाने कोणालाही डोस दिल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं, त्याला नुसतं पाणी घालून बघत बसणं किती जड गेलं असेल, हे ज्याचं त्याला माहीत. मुळांकडे बघायला त्यांनी चष्मेवाल्याकडून भिंग आणलं. हिरवं टोक काही दिसलं नाही. एक मूळ पोकळ झालं, मग दुसरं. शेवटचं पान देठापासून पिवळं पडत गेलं, आणि एका दुपारी तिने हात लावला तर ते हातातच आलं.

“मी मारलं,” ती म्हणाली.

“दोघांनी,” कंपाउंडर म्हणाले.

कुंडी घासून त्यांनी खिडकीत पालथी ठेवली. तपकिरी बाटली पाण्यात भिजवून पट्टी काढून टाकली. तिथे दुसरं झाड आणायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि खालच्या चष्मेवाल्याने सुचवलं तेव्हा दोघांनीही एकदमच नको म्हटलं.

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी कंपाउंडर वर्तमानपत्र वाचत बसले होते. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने स्टीलचा छोटा पेला त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

“खोकला काही जात नाही. तुमचं ते औषध आहे का? असलं तर द्या थोडं.”

कंपाउंडरनी पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पेला तोच होता, त्या थंडीत तीन दिवस मशीनपाशी राहिलेला. ते उठले. कपाटातून बाटली काढली. औषध त्यांच्याकडे नेहमी तयार असे. सवयीने ती हलवली. बुचावर हात ठेवला आणि तिथेच थांबले.

“किती दिवस झाले?”

“झाले असतील दहाएक.”

“ताप?”

“संध्याकाळी जरा कणकण वाटते. द्या हो, साधा खोकला आहे.”

तिने पेला उचलून पुढे धरला होता. भरवसा ठेवून धरला होता, हे त्यांना दिसत होतं. त्या पेल्यात एक खाच औषध ओतावं, असं त्यांना इतकं वाटलं, की आयुष्यात दुसरं काही तितकं वाटलं नसेल. बाटली त्यांनी कपाटात ठेवली आणि दार लावलं.

“चल,” ते म्हणाले.

“कुठे?”

“डॉक्टरांना दाखवू.”

“अहो, खोकल्याला कोणी...”

“असेल खोकलाच. ते सांगू देत.”

त्यांनी दारातल्या स्वतःच्या चपला पायात घातल्या, तिच्या चपला उचलल्या आणि वाकून तिच्या पायांपाशी ठेवल्या. तिने चपलांकडे बघितलं आणि त्या घातल्या. रिकामा पेला हातात तसाच होता. तो घेऊनच ती त्यांच्यामागे जिना उतरली.